जाणतं कापड

विट्यात ऋतुजा चोथ्यांच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी चपला काढाव्या लागत, मग खिशातली किल्ली, पेन, कमरेचा पट्टा, जे काही टोचेल ते सगळं बाहेरच्या कोनाड्यात ठेवावं लागे. आत देवघर होतं म्हणून नव्हे. पुढच्या दोन्ही खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छत्रीचं कापड पसरलेलं असे आणि चहा हवा असेल तर त्यावरूनच स्वयंपाकघरात जावं लागे.

छत्री म्हणजे पावसाची नव्हे. गावामागच्या माळावर फुगेपाळणा उभा राहिल्याला पंचवीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात विट्यात हा शब्द पावसाकडून जवळजवळ काढूनच घेतला गेला होता. फुगेपाळणा म्हणजे दोराने जमिनीला बांधलेला एक प्रचंड फुगा आणि त्याखाली बारा माणसं मावतील एवढा पाळणा. पवनचक्क्यांच्या विजेवर दोर सुटायचा, पाळणा अडीच किलोमीटर वर जायचा आणि माणसं तिथून उड्या घ्यायची. विमान नको, धावपट्टी नको. आणि ज्या गावात घराघरात माग, त्या गावाने उडीची छत्री बाहेरून आणायची म्हणजे गवळ्याने पिशवीतलं दूध आणल्यासारखंच. लोकांनी घरीच शिवायला घेतल्या. आधी दोन वेडे होते, मग वीस झाले. आता विट्यात लग्न ठरवताना मुलीला स्वयंपाक येतो का हे विचारायची कुणाची छाती नव्हती, पण मुलगा सरळ शिवण घालतो का, हे मात्र विचारलं जाई. अशा हौसेने घरी बेतलेल्या आणि शिवलेल्या छत्रीला 'घरशिवी' म्हणत.

पहिले दोन वेडे म्हणजे ऋतुजा आणि तिचा नवरा प्रथमेश. प्रथमेश स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने आराखडा काढायचा, ऋतुजा कापायची आणि शिवायची. उडी तो मारायचा. ती कधी पाळण्यात बसली नाही. सहाशे बारा उड्या मारून त्याचा कधी घोटासुद्धा मुरगळला नाही, आणि गेला तो काविळीने, अंथरुणात, पंधरा दिवसांत. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली होती. ऋतुजा आता अठ्ठावन्न वर्षांची होती. एके काळी हे नाव कोवळ्या मुलींचं असे, आता ते आज्यांचं झालं होतं. पण नाव ऋतुजा असलं तरी नवऱ्याला 'हे' म्हणायची जुनी सवय तिने आपल्या आईकडून उचलली होती आणि तो गेल्यावरही सोडली नव्हती.

त्या शुक्रवारी सकाळी दारात जो पाहुणा उभा राहिला, त्याने न सांगताच पट्टा काढून कोनाड्यात ठेवला. त्यावरूनच ऋतुजाला कळलं की माणूस कापडातला आहे.

"मी तन्वीर मुजावर," तो म्हणाला. "मिरजेचा. कापडाच्या भौतिकशास्त्रात काम करतो. छत्री प्रमाणन मंडळाने पाठवलंय."

"म्हंजे बंद करायला आलाय," ऋतुजा म्हणाली. "बसा. चहा घेऊन बंद करा."

तन्वीर पस्तिशीचा, सडपातळ आणि जरा लाजरा होता. तो भिंतीच्या कडेने चालत आला आणि चहाच्या कपाला हात लावण्याआधी खाली वाकून कापडाला लावला.

हे कापड साधं नव्हतं आणि त्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. त्याच्या प्रत्येक धाग्याच्या पोटात एक केसाहून बारीक तंतू होता. तो ताणला की त्यात किंचित वीज तयार होई, आणि वीज मिळाली की शेजारचा तंतू आखडे. तंतू आखडला की तिथली वीण घट्ट होऊन हवा अडे, सैल झाला की वीण उघडून हवा निघून जाई. म्हणजे छत्रीला लाखो बारीक खिडक्या होत्या आणि त्या वाऱ्याच्या धक्क्यावरच उघडत-मिटत होत्या. त्यासाठी बॅटरी लागत नव्हती, पडणाऱ्या माणसाचं वजन पुरत होतं. यातली खरी गंमत पुढे होती. वीज ज्या वाटेने वारंवार जाई ती वाट हळूहळू सोपी होत जाई, शेतातून रोज चालून पायवाट पडते तशी. उडी मारणारा माणूस दोन्ही हातांनी दोन दोऱ्या ओढून छत्री वळवतो. त्या दोऱ्यांना उडीवाले लगाम म्हणतात. डावीकडून झोत आला की हा माणूस उजवा लगाम ओढतो, हे चाळीस-पन्नास उड्यांत कापडाला 'कळे'. मग हात ओढण्याआधीच कापड आपलं आपण वीण बदलायला लागे. नवं कापड ते शिकाऊ आणि असं मुरलेलं ते जाणतं, असं विट्यातले विणकर म्हणत. शास्त्रज्ञांनी यासाठी भलंमोठं नाव शोधलं होतं, पण ते त्यांच्याच तोंडात बसत नसल्याने तेही जाणतंच म्हणू लागले होते.

तन्वीरने खिशातून मंडळाचं पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की यापुढे हात बदलताना प्रत्येक छत्री कोरी करून घ्यावी. कापड वाफेच्या दाबयंत्रातून काढलं की त्यातल्या सगळ्या पायवाटा पुसल्या जात, याला कोरं करणं म्हणत. दुसऱ्या राज्यात कुणीतरी मित्राची जुनी जाणती छत्री जशीच्या तशी घेऊन उडी मारली होती. मित्र डावरा होता. छत्रीने नव्या मालकाचं ऐकलं नाही आणि तो विजेच्या खांबावर जाऊन पडला. दुसऱ्याच्या सवयीवर कुणी उडू नये, असं मंडळाचं म्हणणं होतं आणि ते काही वावगं नव्हतं.

"पण मला वेगळंच विचारायचंय, काकी," तन्वीर म्हणाला. "अकरा वर्षांत विट्याच्या घरशिव्यांवर एकही माणूस जखमी नाही. कारखान्याच्या छत्र्यांचासुद्धा असा हिशेब लागत नाही. मंडळाला वाटतं तुम्ही अपघात लपवता."

"लपवायला विटं केवढंसं हाय? हितं कुणाला ठसका लागला तर शेजारच्या मायणीत पाणी पितात."

तन्वीर हसला. मग त्याचं लक्ष कापडाच्या मध्यभागी गेलं. निळ्या नव्या कापडात वीतभर आकाराचं एक विटकं केशरी ठिगळ जोडलेलं होतं. ते फाटलं म्हणून लावलेलं नव्हतं, मुद्दाम शिवणीत धरलेलं होतं.

"हे काय?"

"विरजण," ऋतुजा म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिने समजावलं. तिच्या माहेरी नवी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवताना जुन्या वाकळीचा एक तुकडा तिच्यात घालत. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तुकडा नसेल तर वाकळीला ऊब धरत नाही म्हणायचे. प्रथमेशची शेवटची छत्री केशरी होती. तो गेल्यावर ती तशीच पेटीत ठेवणं तिला सोसेना आणि कुणाला देणंही सोसेना. मग जो कुणी नवी घरशिवी शिवायला घेई, त्याला ती त्यातला वीतभर तुकडा देई. पुढे ती माणसं आपल्या छत्रीतला तुकडा दुसऱ्याला देऊ लागली. "दोनशे तरी घरात हाय आता. शास्त्र म्हणून न्हाई. रीत म्हणून."

तन्वीरने गुडघे टेकले आणि शिवणीवर भिंग धरलं.

"काकी, हा दोरा कुठला?"

"दशीचा. माग उतरवताना शेवटाला ताण्याचे धागे उरतात न्हवं का, त्याला पीळ देऊन केलाय. विणकराच्या घरात दशी टाकत न्हाईत."

"कारखान्यात मुका दोरा वापरतात. ज्यातून वीज जात नाही असा. एका पट्ट्याची खोड दुसऱ्याला लागू नये म्हणून." तो उठून बसला. "आणि माया इतकी रुंद का सोडलीय? शिवणीत दाबायचं कापड बोटभर पुरतं."

"गणवेश शिवून हात गेलाय माझा. पोरं वाढतात, मग उसवून मोठं करायला माया लागती."

"छत्री वाढत नाही, काकी."

"हाताला कुठं कळतंय ते," ऋतुजा म्हणाली.

त्या तिन्ही गोष्टी कारखान्यातल्या कुणा अभियंत्याच्या दृष्टीने चुकाच होत्या. पुढचे आठ दिवस तन्वीरने सुताला खळ लावायच्या, म्हणजे सायझिंगच्या, एका बंद पडलेल्या शेडमध्ये मोठा पंखा लावून त्या चुका मोजल्या. नवव्या दिवशी तो धावतच आला, पट्टा काढायचंही विसरला, आणि ऋतुजाने त्याला दारातच थांबवलं.

"ते खरंच विरजण आहे," तो दारातूनच सांगू लागला. "झोत आला की जाणता तुकडा आधी हलतो. त्याची वीज तुमच्या दशीच्या दोऱ्यातून शेजारच्या पट्ट्यांत जाते, आणि रुंद मायेमुळे भरपूर जाते. शेजारचं शिकाऊ कापड त्याच क्षणी ताणलेलं असतं, त्यामुळे त्यात तशीच पायवाट पडते. कापडाला जे शिकायला पन्नास उड्या लागतात, ते तीन उड्यांत येतं. सगळी छत्री जुनी असती तर तिने नव्या माणसाचं ऐकलं नसतं. पण वीतभरच असल्याने ती शिकवते आणि नव्या हातालाही जागा ठेवते. दुधात दही ओतलं तर नासतं, विरजण लावलं तर लागतं."

ऋतुजाने हे सगळं ऐकून घेतलं. तिला एकच विचारायचं होतं.

"म्हंजे हे हायत का त्यात?"

खोटं बोलता येत नाही असा तन्वीर होता. "नाही, काकी. कापडाला मन नसतं. सवय असते. त्यांच्या हाताची सवय आहे."

"सवयच की," ऋतुजा म्हणाली. "संसार म्हंजे तरी दुसरं काय असतंय?"

तिला आठवलं, जमिनीपासून तीनशे मीटरवर आला की प्रथमेश नेहमी डावीकडे एक सावकाश गिरकी घ्यायचा. तशी गरज नसायची. माळाच्या डाव्या कडेला त्यांचं घर होतं आणि गच्चीवर ऋतुजा ओला पंचा दोरीवर टाकायची. पंचा कसा फडफडतो त्यावरून खालचा वारा कळतो, असं तो लोकांना सांगे. पंच्याशेजारी ती उभी असे, हे तो लोकांना सांगत नसे. घरशिव्या अजूनही त्या उंचीवर डावीकडे गिरकी घेत. विट्यातल्या पोरांना ती छत्रीची खोड वाटे आणि कुणी फारसं मनावर घेत नसे.

तन्वीरचा अहवाल वाचून मंडळाचे निरीक्षक दिघे स्वतः विट्याला आले. ताठ, नीटनेटका माणूस, बोलणं मोजून. पंख्यासमोरचे प्रयोग त्यांनी मानले नाहीत.

"दोन रस्ते आहेत," ते ऋतुजाला म्हणाले. "सोमवारी दाबयंत्र येईल. सगळ्या घरशिव्या त्यातून काढा, कोऱ्या करा आणि खुशाल उडा. नाहीतर हे कापड माणूस वाचवतं हे माळावर दाखवा. उडी मारणाऱ्याने हाताची घडी घालायची आणि पाय टेकेपर्यंत सोडायची नाही. छत्री उघडण्यापासून उतरण्यापर्यंत लगामाला स्पर्श नाही."

उतरण्याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना माहीत होता. जमीन दोन पुरुष उंचीवर उरली की दोन्ही लगाम एकदम खाली ओढून छत्री थोपवावी लागते, नाहीतर माणूस धावत्या गाडीतून फेकल्यासारखा आपटतो. राखीव छत्रीही त्या उंचीवर उघडायला सवड नसते. हे काम आजवर कुणी कापडावर सोपवलं नव्हतं.

"मी मारते उडी," ईरा म्हणाली. ही ऋतुजाची मुलगी, सत्तावीस वर्षांची, शाळेत गणित शिकवायची.

"न्हाई," ऋतुजा म्हणाली, आणि दिघ्यांकडे वळली. "पाठवा तुमचं यंत्र."

घरी आल्यावर तिने इस्त्रीच्या टेबलावर केशरी कापडाचा शेवटचा उरलेला तुकडा पसरला आणि वाफेची इस्त्री तापत ठेवली. सोमवारी कुणा परक्याने यंत्रात घालण्यापेक्षा आपल्या हाताने केलेलं बरं, असं तिने ठरवलं होतं. नवरा गेला तेव्हा ती हमसून रडली नव्हती, मुलगी लहान होती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

ईरा दारात उभी होती. "आई, बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला त्यांचा आवाज आठवत नाही. फोटोतलं तोंड आठवतं, ते काय, फोटोच आहे. पण वर तीनशे मीटरवर छत्री डावीकडे वळते ना, तेव्हा मला कळतं की ते कसे होते. घाई नसायची त्यांना. खाली बघायचं असायचं." ती पुढे आली. "तेवढंच आहे माझ्याकडे, आई. त्यावर इस्त्री फिरवू नकोस."

ऋतुजा बराच वेळ इस्त्रीची मूठ धरून उभी राहिली. मुलगी गेली तर कापड घेऊन काय करायचं, आणि कापड गेलं तर मुलीकडे काय उरायचं, यातलं जड कुठलं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने इस्त्री बंद केली.

"तुझी छत्री आण," ती म्हणाली. "जुन्या शिवणीवर न्हाई जायचं. पयल्यापासनं उसवते."

दोन दिवस तिचं शिलाई यंत्र थांबलं नाही. प्रत्येक शिवण तिने उसवली, प्रत्येक दोरा बोटांतून काढून पाहिला, केशरी ठिगळाभोवती दुहेरी टीप घातली आणि माया आणखी अर्धं बोट रुंद सोडली. तन्वीर मदतीला आला तेव्हा तिने त्याला सुईत दोरा ओवायला बसवला. शंभर टक्के खात्री आहे का, असं तिने त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने नाही म्हणून सांगितलं असतं.

ईरा उडी मारणार असा निरोप दिघ्यांना गेला होता. सोमवारी त्यांनी वेळही मुद्दाम भर उन्हाची निवडली. माळ तापला की हवा उकळायला लागते. सगळं गाव माळावर गेलं होतं. ऋतुजा गच्चीवरच थांबली. "इतकी वर्सं हितनंच बघितलं," ती तन्वीरला म्हणाली, आणि ओला पंचा पिळून दोरीवर टाकला. तन्वीरने आपली दुर्बीण आणि मोजमापाचा पडदा कठड्यावर मांडला.

तुलनेसाठी मंडळाचा चाचणीवीर कारखान्याच्या कोऱ्या छत्रीवर आधी उतरणार होता, हातांनी लगाम धरून. त्याच्या मागे ईरा. दोन्ही ठिपके पाळण्यातून सुटले, वाढले, आणि मंडळाची पांढरी, ईराची निळी अशा दोन छत्र्या उघडल्या. दुर्बिणीतून ईराचे हात दिसले. छातीवर घडी, शाळेत वर्गापुढे उभी राहते तशी.

छत्र्या पाचशे मीटरवर आल्या तेव्हा खाली माळाच्या मधोमध वावटळ उठली. आधी पाचोळा फिरला, मग मातीचा खांबच उभा राहिला आणि तिरका चालत उतरण्याच्या जागेकडे निघाला. पांढऱ्या छत्रीने त्याची कड घेतली आणि तिची एक बाजू पिशवीसारखी मिटली. चाचणीवीर कसलेला होता, त्याने जिवाच्या आकांताने लगाम खेचून ती पुन्हा फुगवली, पण वारा त्याला ओढत बांधाकडे घेऊन गेला आणि तो बाभळीत जाऊन अडकला.

मग वावटळ निळ्या छत्रीखाली आली.

ऋतुजाने कठडा धरला. छत्री थरथरली. डाव्या टोकाचे कप्पे मिटू लागले आणि मिटता मिटताच, मधल्या केशरी ठिपक्यापासून सुरुवात होऊन, एकामागून एक पुन्हा ताठ होत गेले, कुणी आतून हात फिरवून पलंगपोस सारखा करावा तसे. तन्वीर पडद्यावरचे आकडे पुटपुटत होता, तिला ऐकू येत नव्हतं. छत्रीने वावटळीचा धक्का अंगावर घेतला, त्याच धक्क्यावर ती वर उचलली गेली आणि मातीच्या खांबाला वळसा घालून बाहेर आली. ईराचे हात घडीतच होते.

तीनशे मीटरवर छत्रीने डावीकडे सावकाश गिरकी घेतली. घाई नव्हती. ईराचं तोंड गच्चीकडे आलं, आणि ऋतुजाने नकळत हात वर केला, अठरा वर्षांपूर्वी करायची तसा.

जमीन दोन पुरुष उरली तेव्हा कापडाची मागची कड आपोआप खाली झुकली. वीण मिटली, छत्री हवेत क्षणभर थांबली, आणि ईरा चुन्याच्या वर्तुळाच्या कडेवर उतरून दोन पावलं चालली. मगच तिने हात सोडले.

माळावरून जो आवाज उठला तो गच्चीपर्यंत आला. ऋतुजा मटकन खाली बसली आणि हसू लागली, आणि तन्वीर, लाजरा तन्वीर, तिच्या शेजारी बसून रडू लागला. इतका निखळ आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, असं ती पुढे लोकांना सांगायची. थोड्या वेळाने दिघे जिना चढून आले. त्यांनी टोपी काढली, पट्टा काढून कठड्यावर ठेवला आणि विचारलं, "बाई, तो दशीचा दोरा. शिकवाल का?"

पुढच्या वर्षभरात नियम उलटा झाला. जाणत्या विरजणाशिवाय नव्या छत्रीला प्रमाणपत्र मिळेना. बंद माग पुन्हा सुरू झाले आणि वीतभर ठिगळं विट्याहून नागपूरला, कोचीला, पार लडाखपर्यंत गेली. ऋतुजा गावोगावच्या बायाबापड्यांना माया किती सोडायची ते शिकवत हिंडली. देशभरातले अपघात चार आण्यांवर आले. ज्या बाईने मीटरभरही उंच उडी मारली नव्हती तिचं नाव हवाई क्रीडेच्या पाठ्यपुस्तकात आलं, आणि तिच्या माहेरची वाकळ चित्रासकट छापली गेली.

लडाखहून एकाने पत्र पाठवलं होतं. आमच्या छत्र्या तीनशे मीटरवर डावीकडे का वळतात, तिथे तर नुसता कडा आहे, असं त्याने विचारलं होतं. ऋतुजाने ते पत्र दोनदा वाचलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं. पाठ्यपुस्तकात तोवर त्याला 'विटा वळण' असं नाव पडलं होतं आणि त्याचे फायदेही लिहिलेले होते.

वर्षाने माळावर मोठा मेळा भरला. दोनशे माणसं एकदम उडी मारणार होती. ऋतुजाला पाहुण्यांचं करता करता उशीर झाला, नुकतीच न्हाऊन ती घरच्या गाऊनवर, ओल्या केसांनी गच्चीवर आली. पंचा अजून बादलीतच होता. तन्वीर आपल्या पडद्यापाशी आधीच उभा होता. या वेळी त्याने सगळ्यांच्या लगामांना मोजपट्ट्या लावल्या होत्या.

दोनशे छत्र्या आभाळात उमलल्या. तीनशे मीटरवर दोनशेच्या दोनशे डावीकडे झुकल्या आणि एकच सावकाश गिरकी घेऊ लागल्या. खाली लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांना ते बसवलेलं वाटलं. ऋतुजाला आनंदाने भरून आलं. आणि मग दुर्बिणीतून तिने माणसांची तोंडं पाहिली. दोनशे तोंडं गच्चीकडे वळली होती. अनोळखी पुरुष, अनोळखी बाया, सगळे त्याच नजरेने खाली बघत होते, जी नजर तिला वाटायचं की फक्त तिची आहे. तिने घाईघाईने गाऊनची मान सारखी केली.

"काकी," तन्वीर म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "काहीतरी चुकतंय. कापड आधी वळायला हवं आणि हात मागून. इथे उलटं दिसतंय. डावा लगाम माणसं स्वतः ओढतायत, कापडाच्या अर्धा सेकंद आधी."

"सवय झाली असंल."

"ती पांढरी छत्री बघा. मंडळाचा चाचणीवीर, तोच, बाभळीतला. वर्षभर विरजणाच्या छत्र्या तपासून त्यांच्यावरच उडतोय. आज तुलनेसाठी त्याला कोरी दिलीय. मुक्या दोऱ्याची, ठिगळ नसलेली. तिच्यात काकांचं काहीही नाही." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "तीसुद्धा वळली. मघाशी सरावाच्या उडीनंतर मी त्याला विचारलं, तिथे का वळतोस. म्हणाला, असंच. बरं वाटतं."

वर गिरकी अजून चालूच होती. दोनशे जणांत ईरा कुठली, हे ऋतुजाला ओळखू येईना. एरवी ती मुलीला हजारात ओळखायची.

"तुमच्या मंडळानं पयला नियम चांगला केलावता," ती हळू म्हणाली. "दुसऱ्याच्या सवयीवर कुणी उडू ने. कापड असतं तर वाफेवर धरलं असतं." तिने वर बघितलं. "आता कोरं कुणाला करणार?"

ऋतुजा वाकली, बादलीतला पंचा पिळला, आणि वर सगळे वाट बघत होते म्हणून तो दोरीवर टाकला.